वजनाचं ऑपरेशन झालंय, मग पाणी कधी प्यायचं? एकदाचं सांगून टाकते

(स्वयंपाकघर. ओट्यावर स्टीलचा तांब्या, एक नरसाळं, वाटीत मऊ खिचडी आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण.)

नमस्कार मंडळी. मागे खडखड ऐकू येत असेल तर सांभाळून घ्या. आमच्या इंदिरानगरचा रस्ता परत खोदलाय. खिडक्या लावल्यात तरी आवाज येतोच.

तर महिनाभर एकच प्रश्न येतोय. "काकू, ऑपरेशन झालंय, पाणी कधी प्यायचं?" कुणी स्लीव्हवाले, म्हणजे पोट कापून लहान केलेले, कुणी बायपासवाले, म्हणजे पोट लहान करून आतडं पुढे जोडलेले (हृदयाचं बायपास नव्हे हो), प्रश्न तोच. उत्तरं टाइप करून माझा अंगठा दुखायला लागला, म्हणून आज बसून बोलते.

मी डॉक्टर नाही. माझे कॉलेज रोडला डबे जातात, शिकणाऱ्या पोरांचे, रोजचे चाळीस. स्लीव्हचं ऑपरेशन होऊन मला सव्वा वर्ष झालं. तुमच्या सर्जननी दिलेला कागद आणि माझं बोलणं यात फरक दिसला तर कागद खरा, मी खोटी.

नेहमीचं भराभर उरकते, ते तुम्हाला पाठ आहे. पहिले एक-दोन दिवस नितळ पातळ. मग साधारण दोन आठवडे दूध, ताक, सूप, प्रोटीन पावडर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, बाळाला भरवतो तसं. पाचव्या-सहाव्यात मऊ, बोटांनी कुस्करलं जाईल असं. त्यानंतर हळूहळू घरचं जेवण. प्रोटीन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. कोल्ड्रिंक, सोडा नाही. साखरेचं पाणी, उसाचा रस नाही. बायपासवाल्यांना तर त्याने धडधड, घाम, जुलाब, सगळं एकदम होतं, त्याला डंपिंग म्हणतात. गोळ्या सांगितल्या तितक्या, आयुष्यभर. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. झालं.

हां, एक थांबून सांगते. वरणावरचं पाणी म्हणजे प्रोटीन नव्हे! माझ्या सासूबाई वाटीभर वरणाचं निवळ आणून ठेवायच्या, "सगळं सत्त्व यातच असतं गं." नसतं हो. डाळ खाली बसलेली असते, सत्त्व तिच्यात. साधं दूध घ्या, २०० मिलिलिटरमध्ये साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. नुसत्या दुधावर ६० गाठायचे म्हटले तर पावणेदोन लिटरच्या वर जातं, आणि ते त्या दिवसांत जाणार कुठे? म्हणून पावडर देतात. "काकू पावडरची जाहिरात करतेय" असं ज्यांनी लिहिलं, त्यांनी हे गणित स्वतः करून बघावं.

आता पाणी.

(झाकण कॅमेऱ्याजवळ धरते.)

हे पंधरा मिलिलिटरचं झाकण. पहिले दोन आठवडे माझा पेला हाच होता. दिवसाला दीड लिटर म्हणजे अशी शंभर झाकणं. पंधरा तास जागे असतो, म्हणजे नऊ मिनिटांना एक झाकण. मी फोनवर घंटी लावली होती. पोळ्या लाटायला बाई ठेवली होती, तीच म्हणायची, "ताई, वाजलं बघा."

आणि आपली ती वरून पाणी प्यायची सवय. भांडं उष्टं होऊ नये म्हणून तांब्या उंच धरायचा आणि गट-गट-गट. मी लहानपणापासून तशीच प्यायले. त्यात घोट मोठा जातो आणि पाण्याबरोबर हवाही जाते. त्या अरुंद नळीसारख्या पोटात हवा गेली की बरगडीखाली असं दाटून येतं की उभं राहावं लागतं. स्ट्रॉ नको म्हणतात तेही हवेसाठीच. तेव्हा तोंड लावून प्या. उष्टं झालं तर विसळा.

हे झालं पहिल्या दोन आठवड्यांचं. तेव्हा सगळंच पातळ, त्यामुळे जेवण आणि पाणी वेगळं करायचा प्रश्नच नसतो. दिवसभर घोट घोट चालूच. खरी गंमत पुढे आहे. ज्या दिवशी वाटीत दाट काही पडतं, त्या दिवसापासून नियम फिरतो आणि तो फिरला हे लोकांच्या लक्षातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

झालं काय, ऐका. तिसऱ्या आठवड्यातला तिसरा दिवस. मिक्सरमधून काढलेली मुगाची खिचडी, चार चमचे. इतक्या दिवसांनी तूप-जिऱ्याचा वास! मी ती पाच मिनिटांत संपवली, ही पहिली चूक. शेवटचा चमचा छातीच्या इथे येऊन बसला. आता आपल्याला लहानपणापासून काय शिकवलंय? अडकलं की पाणी पी. मी अर्धा पेला प्यायले. मंडळी, ते पाणी खाली गेलंच नाही. तोंडाला पाणी सुटायला लागलं, बुळबुळीत, फेसासारखं, थांबेना. बेसिनपाशी पंचवीस मिनिटं उभी होते. शेवटी सगळं वर आलं. टाके तुटले असं वाटून मी रडत होते आणि हे दारात उभं राहून विचारतायत, "अजून थोडं पाणी देऊ का?"

दुसऱ्या दिवशी डाएटिशियन मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, जेवण संपल्यावर किती वेळाने पाणी प्यायलात? मी म्हटलं, संपलंच कुठे होतं.

नियम असा. जेवणाआधी पंधरा मिनिटं ते अर्धा तास पाणी बंद. जेवताना बंद. जेवण संपल्यावर अर्धा तास बंद. अर्धा तास *संपल्यावर*. बसल्यापासून मोजायचा नाही. तीन-चार जणांनी कमेंटमध्ये घड्याळ जेवायला बसताना लावलंय, म्हणून मुद्दाम सांगते. वाटीभर जेवायला वीस-पंचवीस मिनिटं लागायलाच हवीत. बसल्यापासून मोजलंत तर शेवटचा घास आणि पाणी एकाच दारातून आत शिरतात.

(नरसाळं उचलते.)

हे माझं आवडतं भांडं. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग, किंवा त्याहूनही थोडा जास्त, काढून टाकतात. उरतं ते केळ्यासारखं लांबट. नरसाळं म्हणजे हुबेहूब पोट नाही, डॉक्टर मंडळींनी लगेच लिहू नये, नुसतं समजायला घेतलंय. यात ही खिचडी घालते. बघा, बसली. हळूहळू उतरेल. आता वरून पाणी ओतते. सुरुवातीला काय झालं? तुंबलं, काठापर्यंत आलं. तुमचा काठ म्हणजे घसा. आणि आता बघा, खिचडी सैल झाली आणि सगळं मिळून भसकन खाली. म्हणजे आधी त्रास, आणि नंतर तासाभरात परत खावंसं वाटतं, कारण पोट भरल्याची जाणीव जे दाट अन्न देतं तेच वाहून गेलं. डॉक्टर सांगतात तीही हीच दोन कारणं.

एका दादांनी लिहिलंय, "माझा मावसभाऊ जेवताना पाणी पितो, त्याला काही होत नाही." दादा, त्याच्या ऑपरेशनला तीन वर्षं झाली, हे तुम्हीच वरच्या ओळीत लिहिलंय. पहिल्या आठवड्यांत आत सूज असते. मीही आता एखादा घोट घेते, काही होत नाही. तुमच्या सहाव्या आठवड्याची बरोबरी त्याच्या तिसऱ्या वर्षाशी करू नका.

आता तिसऱ्या बाजूने तेच सांगते, कारण खरा घोळ इथे आहे. पाणी म्हणजे फक्त तांब्यातलं पाणी असं तुम्ही धरलंय. आपलं जेवण बघा ना! वरण-भात, कढी, रस्सा, शेवटी वाटीभर ताक. आपलं ताट पाण्यात पोहतं. एका ताईंनी विचारलं, "पाणी पीत नाही, पण जेवणावर ताक चालेल ना?" ताई, ताक हे पाणीच. सारही पाणीच. ताक अकरा वाजता घ्या, चार वाजता घ्या, जेवणाला चिकटवू नका. वरण घट्ट करा, चमच्यावर उभं राहील असं. भाताऐवजी तेच वरण आधी खा, किंवा कुस्करलेलं पनीर, मऊ अंड्याची भुर्जी. भात राहिला तर राहिला.

आणि मिसळ! नाशिकमध्ये राहून हा प्रश्न नसता आला तरच नवल. रविवारी सकाळी सगळं गाव मिसळीच्या टेबलावर, आणि आम्ही तिथे टिश्यू पेपर मोजत. तर्री तिखट, फरसाण कडक, पाव चघळला की गोळा होणारा, आणि वरून रस्सा ओतत राहायचा. आपण मघापासून ज्याला नको म्हणतोय ते सगळं एका वाटीत. मी आठव्या महिन्यात खाल्ली, मटकी उपसून, रस्सा दोन चमचे, पाव नाही. चव? अर्धी. पण खाल्ली.

द्राक्षांचं विचारलंय. माझं ऑपरेशन जानेवारीअखेरचं, म्हणजे बरी होत होते तोवर दिंडोरीहून चुलत दिराची पेटी आली. द्राक्षाची साल मऊ वाटते, पण चावून पिठूळ होत नाही, तशीच अडकते. पहिले दोन महिने नाहीच. आणि वाईन विचारणाऱ्यांनो, तुम्ही दर व्हिडिओखाली असता. या ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जोरात चढते, विशेषतः बायपासनंतर. मला वर्षभर सक्त मनाई होती. माझा तसाही संबंध नव्हता.

डबे करणारीला या सगळ्यात एक वेगळाच ताप होता, तो सांगते. चव बघणं. दिवसातून वीसदा पळी तळहातावर टेकवायची आणि चाटायची, हे मला कळतसुद्धा नव्हतं. भूक म्हणाल तर नव्हती. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होतं तोच भाग काढलेला. पण जिभेला कुणी सांगितलं नव्हतं. मग लेकीला चव बघायला बसवलं. त्या महिन्यात आमटी दोनदा खारट गेली, एका पोराने डब्यात चिठ्ठी ठेवली, "काकू, समुद्र?" दीड महिना मोठा कुकर उचलायचा नव्हता, तोही तीच उचलायची. मी नुसती घड्याळाकडे बघून सांगायची. खायचंही तसंच, घड्याळ बघून. भूक लागेल मग खाऊ म्हणाल तर दिवस निघून जातो आणि संध्याकाळी चक्कर येते.

"ऑपरेशन म्हणजे शॉर्टकट" लिहिणाऱ्यांसाठी माझ्याकडे वेळ नाही. नऊ मिनिटांना एक झाकण, दोन आठवडे. करून बघा.

तिसऱ्या आठवड्यात वजनाचा काटा थांबतो. थांबू दे, बऱ्याच जणांचा थांबतो. तिसऱ्या महिन्यानंतर केस गळतात, माझ्या फणीत पुंजके यायचे. आहार नीट असेल तर बहुतेकांचे परत येतात, माझे आलेत. चालायला मी गोल्फ क्लबच्या मैदानावर जायचे, पहिल्या आठवड्यात एकच फेरी, तीही बाकं मोजत.

आता हे गंमत म्हणून सांगत नाहीये. ताप, पोटात खूप दुखणं, छातीची धडधड बसल्या जागी १२० च्या वर, श्वास लागणं, डाव्या खांद्यात कळ, पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही झालं तर कमेंट लिहू नका, फोन उचला आणि सर्जनना सांगा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. दिवसभरात घोटभर पाणीही टिकत नसेल, लघवी गडद होत असेल, तरी तेच. उलट्या चालूच राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं, मग डोळ्यांना दोन-दोन दिसतं, तोल जातो. गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावायला गेलात तर पहिलं वाक्य "माझं वजनाचं ऑपरेशन झालंय" हेच असलं पाहिजे. दुखण्याची गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, काही गोळ्यांनी पोटात अल्सर होतो. शुगर-बीपीच्या गोळ्या ऑपरेशनआधी होत्या तितक्याच चालू ठेवू नका आणि मनाने बंदही करू नका, विचारा. माझी शुगरची गोळी दुसऱ्या आठवड्यातच डॉक्टरांनी निम्मी केली. नसती केली तर मी चुलीपाशीच पडले असते.

शेवटची कमेंट, सिन्नरच्या ताईंची. "काकू, सगळं कळतं, पण सासूबाई ताटाबरोबर तांब्या ठेवतातच. नको म्हटलं तर वाईट वाटतं."

ठेवू द्या. तुम्ही हसून उचला आणि उठून दुसऱ्या खोलीत ठेवून या. भांडण नाही, भाषण नाही. माझ्याकडे आठ दिवस असंच चाललं, त्या ठेवायच्या, मी उचलायचे. नवव्या दिवशी मी जेवायला बसले तर तांब्या आधीच फ्रिजवर. अजून तिथेच असतो. हा बघा.

(कॅमेरा फ्रिजकडे वळवते.)

बेल वाजली, डबे न्यायला पोरगा आला. चाळीस झाकणं लावायचीयत अजून, डब्यांची. येते.