भुताला कोकणातून घोडबंदरला आणा
(ठाण्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'मराठीतून इंटरॅक्टिव्ह भयकथा कशी लिहावी'. म्हणजे पुढे कुठे वळायचं ते वाचकच निवडतो, अशी कथा. त्याकडे येतोच. पण त्याआधी मला एक तक्रार मांडायची आहे, आणि ऐकणारी माणसं आयती समोर बसली आहेत, तर सोडतो कशाला!

ठाण्यातल्या मुलाला भयकथा लिहायला सांगा, तो पहिली गाडी पकडतो ती कोकणाची. वाडा, पिंपळ, अमावस्या, कंदील घेतलेला म्हातारा गडी. गडी कायम म्हाताराच, तरुण गड्याला भुताटकीत नोकरी नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीनेही हेच केलं. राहते घोडबंदर रोडला, टॉवरमध्ये. लिहीत होती ट्वाइनमध्ये. ट्वाइन बहुतेकांना माहीत असेल. ख्रिस क्लिमसने २००९ मध्ये काढलेलं फुकट साधन आहे. एकेक प्रसंग एकेका चौकटीत लिहायचा, दुसऱ्या चौकटीचं नाव दुहेरी चौकोनी कंसात घातलं की दुवा तयार. कोडिंग येत नाही ही सबब तिथे चालत नाही, म्हणून मला ते आवडतं.

तर तिच्या कथेत मी वाड्याच्या ओटीवर उभा. पर्याय दोन : माजघरात जा, परसात जा. मी परस दाबलं. कोरी स्क्रीन. दुवा दिला होता, चौकट भरायची राहिली होती. मी म्हटलं, आतापर्यंतचा हाच सगळ्यात भीतिदायक प्रसंग आहे. मग विचारलं, काय आहे परसात?
"विहीर असेल ना, सर."
असेल! कोकणात शेवटची कधी गेली होतीस?
"लहान असताना. दीड दिवसाच्या गणपतीला."

साध्या कथेत हे खपतं. लेखकाला परस माहीत नसेल तर तो पात्राला तिकडे फिरकूच देत नाही. इथे पाय वाचकाचे असतात, आणि तुम्ही जिकडे पाहिलेलं नाही नेमका तिकडेच तो वळतो. १९८७ मध्ये इन्फोकॉम या गेम कंपनीच्या डेव्ह लेबलिंगने अशीच एक शब्दांतून खेळायची भयकथा लिहिली. तिच्यात हिमवादळाच्या रात्री एक विद्यार्थी टर्म पेपर पुरा करायला कॉलेजात अडकलेला आहे. लेबलिंग स्वतः अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेला, आणि कथेतलं कॉलेज एमआयटीवरून बेतलेलं. तळघरं, बोगदे, रात्रीचे कॉरिडॉर सगळे पायाखालचे. वाचक कुठेही वळला तरी पुढे जागा होती.

मी तिला म्हटलं, तुझ्या बिल्डिंगमध्ये काय काय आहे सांग. आणि मग ती जी सुटली! पोडियम, मीटर रूम, डक्ट, बंद पडलेली सर्व्हिस लिफ्ट. आणि रेफ्युज एरिया. टॉवरवाल्यांनो, तुम्ही सांगा, तिथे शेवटचे कधी गेला होतात? आग लागली तर जमायला म्हणून अर्धा मजला उघडा ठेवलेला, दिवा नाही, वारा घोंघावतोय, कोणाची तरी जुनी सायकल उभी. (हशा) कमिटीवाले हसू नका, ती सायकल तुम्हीच हलवायची असते. आमच्याकडे या विषयावर तीन सभा होऊन गेल्या, पण ते राहू दे.

दुसरं म्हणजे गेटवरचं ॲप. रात्री फोन वाजतो, पाहुणा आलाय, आत सोडू की नको? आपण रोज इंटरॅक्टिव्ह कथाच वाचतो की! तिची नवी कथा तिथेच सुरू झाली. रात्री दोनला नोटिफिकेशन येतं, गेटवर पाहुणा आहे, नावाच्या जागी फ्लॅटवाल्याचंच नाव. पर्याय : 'आत सोडा', 'नकार द्या'. सगळे 'नकार' दाबतात. मीही दाबला. पुढच्या चौकटीत लिफ्ट खालून निघालेली.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? सात. बरं, मग मूळ विषय उरकतो.

दर वळणावर दोन फाटे आणि अशी दहा वळणं, म्हणजे १०२४ शेवट. लिहून मराल. फाटे फोडा, पण थोड्या अंतराने पुन्हा एकाच चौकटीत आणा, आणि फरक व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कथेने लक्षात ठेवलेल्या नोंदीत, साठवा. वाचक एखाद्या चौकटीत कितव्यांदा आला हे ट्वाइनला कळतं. तिच्या सातव्या मजल्यावर पहिल्यांदा गेलात तर समोरच्या दाराबाहेर चपलांचे तीन जोड असतात. दुसऱ्यांदा गेलात तर चार. बाकी मजकूर शब्दशः तोच. किंकाळी नाही, रक्त नाही, एक आकडा बदलला.

ट्वाइनमध्ये कथा दाखवायचे काही तयार साचे असतात, त्यांतल्या हार्लो नावाच्या साच्यात कडेला मागे जाण्याचा बाण आपोआप येतो. भयकथेत तो लपवा. तो दाबला की व्हेरिएबलही मागे जातात, चपला पुन्हा तीन होतात आणि वाचक निवांत.

मराठीची खास अडचण क्रियापदाची. 'तू आत गेलास' म्हटलं की निम्मे वाचक बाहेर. 'तुम्ही आत गेलात' चालतं, पण त्यात बँकेच्या पत्राचा वास येतो. 'तू दार उघडलंस', 'तुला पाऊल वाजल्यासारखं वाटलं', अशी वाक्यं कोणालाही लागू पडतात. शिवाय 'तुला ऐकू आलं', 'तुला दिसलं' यांत वाचक काही करत नाही, त्याच्यावर गुदरतं. भयकथेला आणखी काय हवं?

आवाज कधी वापरावा हे राहिलं. शेवट किती असावेत तेही राहिलं, माझ्या मते तीन पुरेत. हॉल बंद करायला माणूस आलाय, प्रश्न खाली चहाच्या टपरीवर विचारा. कथा ज्यांना हवी त्यांनी नंबर द्या, एकच फाइल आहे, ब्राउझरमध्ये उघडते. आणि कमिटीवाल्यांनी जरा थांबा, सायकलचं बोलू.