चार गाड्या, दोन कार्डपेट्या

1980 च्या दशकाची सुरुवात. अमेरिकेतलं अटलांटा शहर. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना 'मील्स ऑन व्हील्स' ही सेवा इथं घरपोच जेवण देते. रोजची जेवणं काहीशे आणि गाड्या चार. कुठल्या गाडीनं कुठल्या घरांना, कुठल्या क्रमानं जायचं?

एका गाडीला फक्त 10 घरं दिली, तरी क्रम लावायचे 36,28,800 प्रकार होतात. 15 घरं दिली की हाच आकडा 1 लाख 30 हजार कोटींच्या वर जातो. पेट्रोल पंपांना इंधन पोचवणाऱ्या ट्रकांच्या निमित्तानं जॉर्ज डॅन्ट्झिग आणि जॉन रॅमसर यांनी 1959 मध्ये हा प्रश्न गणितात मांडला. संशोधक आजही त्याच्या मागे आहेत.

अटलांटात तर यादीच एका जागी थांबत नव्हती. कुणी बरं होतं, कुणाला इस्पितळात हलवतात, कुणी देवाघरी जातं, आणि नवं नाव येतं. आज मोठ्या कष्टानं आखलेला मार्ग थोड्याच दिवसांत निकामी.

जॉर्जिया टेक विद्यापीठातले जॉन बार्थोल्डी आणि लॉरेन प्लॅट्झमन या प्रश्नाला भिडले, ते एका जुन्या वक्ररेषेच्या आधारानं. पोलंडचे गणिती वाक्लाव शेरपिन्स्की यांची ही रेषा.

पडद्यावरचा चौकोन बघा. कर्णानं त्याचे दोन त्रिकोण झाले. प्रत्येक त्रिकोण पुन्हा अर्धा केला, मग तेही अर्धे. रेषेचा नियम एकच: एका अर्ध्यातला सगळा भाग फिरून झाल्याशिवाय दुसऱ्यात पाऊल टाकायचं नाही. असं करत ती अख्खा चौकोन भरून टाकते. आता हा चौकोन शहराच्या नकाशावर ठेवा. रेषेवर प्रत्येक घर कुठं येतं, त्याचा एक आकडा मिळतो. आकड्यांच्या चढत्या क्रमानं निघालं, की झाला मार्ग तयार.

कचेरीत हे काम दोन कार्डपेट्यांवर चालायचं. एकीत कार्डं नावांप्रमाणे, दुसरीत आकड्यांप्रमाणे. नवा माणूस आला की नकाशावर घर शोधायचं, तक्त्यातून आकडा काढायचा, कार्ड आपल्या जागी खोचायचं. नाव कमी झालं तर पहिल्या पेटीत आकडा बघून दुसऱ्या पेटीतलं कार्ड काढायचं. बाकीच्यांचा क्रम जसाच्या तसा. गाड्या चार, म्हणून गठ्ठ्याचे चार भाग. गणित न शिकलेल्या माणसाच्या हाती गणित असं सोपवता आलं, हे मला या संशोधनातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

खर्च 50 डॉलरच्याही आत. संगणक लागलाच नाही. प्रवासाचा वेळ 13 टक्क्यांनी सुधारला.

या रेषेची मर्यादाही सांगायला हवी. नकाशावर शेजारी असलेली दोन घरं कर्णाच्या दोन बाजूंना पडली, तर रेषेवर ती एकमेकांपासून फार लांब जाऊ शकतात. म्हणून घरं कशीही विखुरलेली असताना हा मार्ग सर्वात लहान मार्गापेक्षा सरासरी 25 टक्के लांब पडतो. मग सुधारणा झाली कशी? कारण 13 टक्क्यांची तुलना आहे गाड्या आधी ज्या वाटांनी फिरत होत्या त्यांच्याशी. सर्वात लहान मार्ग त्या कचेरीत कुणाच्या हाती कधी नव्हताच.