वीस जुन्या गाण्यांतून उभी राहिलेली प्रेमकथा

‘नाचूंया कुंपासार’ या 2014 सालच्या कोकणी चित्रपटाचे कथानक दोन वाक्यांत सांगता येते. 1960 च्या दशकातील मुंबईत लॉरी हा बँडप्रमुख डोना या तरुण गायिकेला घडवतो आणि दोघे प्रेमात पडतात. पुढे ते प्रेम विस्कटते, तेव्हा गाणे सुटते ते मात्र डोनाचे.

दिग्दर्शक बार्ड्रॉय बार्रेतो यांनी ही कथा ज्या पद्धतीने रचली, ती पद्धत मात्र आपल्याकडे विरळा आहे. मडगावच्या बोर्डा भागातून आलेले संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांना हा चित्रपट आदरांजली वाहतो. पेरींची वीस गाणी त्यात नव्याने ध्वनिमुद्रित करून घेतली असून, प्रसंग लिहून त्यांत गाणी बसवण्याऐवजी गाण्यांच्या क्रमातूनच कथा पुढे नेली आहे. मूळ गाणी वेगवेगळ्या निमित्तांनी जन्मलेली असल्यामुळे काही ठिकाणी सांधे दिसतात आणि एखादा प्रसंग केवळ पुढच्या गाण्यासाठी आल्यासारखा वाटतो. तरीही ‘पिसो’ किंवा ‘बेबदो’ यांसारखी गाणी, जी गोव्यात लग्नाच्या मांडवापासून रेडिओपर्यंत सर्वांच्या कानांवरून गेलेली आहेत, ती एका विशिष्ट स्त्रीच्या आयुष्यातील विशिष्ट क्षणी ऐकू येतात, तेव्हा त्यांतील नाचरा ठेका ऐकणाऱ्याला अस्वस्थ करतो.

या प्रेमकथेमागे एका पूर्ण पिढीचे स्थलांतर आहे. चर्चशी जोडलेल्या शाळांमध्ये पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली गोमंतकीय मुले मुंबईला जात, धोबीतलाव परिसरातील आपापल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासात, उतरत आणि रात्री हॉटेलांतील जॅझ बँडमध्ये वाजवत. त्यांतील अनेकांनी दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात साथ केली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्यांनी वाद्यवृंदाची रचना केली. पडद्यावरील श्रेयनामावलीत अशा रचनाकारांची नोंद झालीच, तर बहुधा ‘सहायक’ म्हणून होई. बार्रेतो यांनी या मंडळींना पार्श्वभूमीतून उचलून कथेच्या मध्यभागी आणले, हे मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते.

निर्मितीसाठी लागणारा पैसा लोकवर्गणीच्या धर्तीवर उभा राहिला. डोनाची भूमिका करणाऱ्या पालोमी घोष बंगाली, तर लॉरी साकारणारे विजय मौर्य मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतील. तरीही कोकणी प्रेक्षकाने दोघांना आपले मानले. 62 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा मान या कृतीला मिळाला, अपर्णा रैना यांना निर्मिती संकल्पनासाठी पुरस्कार मिळाला आणि पालोमी घोष यांचा विशेष उल्लेख झाला. त्या काळातील क्लब, कपडे आणि घरे मर्यादित खर्चात उभी करणे किती जिकिरीचे असते, हे लक्षात घेतले तर यांतील दुसरा पुरस्कार विशेष मोलाचा ठरतो.

पुढे हा चित्रपट ऑस्करच्या पात्र चित्रपटांच्या यादीत आला आणि गोव्यात त्याचा मोठा गाजावाजा झाला. पात्रता म्हणजे नामांकन नव्हे, हा भेद त्या उत्साहात बराचसा झाकला गेला. चित्रपटाला त्या गाजावाजाची खरे तर गरज नव्हती, कारण कोकणी लिहायची ती देवनागरीत की रोमी (रोमन) लिपीत आणि मराठी की कोकणी या वादांत एरवी परस्परांसमोर उभे राहणारे गोमंतकीयही पेरींची गाणी एकत्र गुणगुणतात, आणि प्रेक्षागृहात या चित्रपटाला लाभलेला श्रोता तोच होता.