मीटर घोड्याला लावा, वाळूला नाही

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या पोरांनी विषय दिला, फिल्म कॅमेऱ्यावर वाळवंट अन् घोडे. समोर काही जणांच्या गळ्यात बाबा-आजोबांच्या वेळचे कॅमेरे दिसून राहिले, म्हणून थेट कामाचंच बोलतो.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला घोडा समजत नाही अन् वाळूही समजत नाही. त्याच्या हिशेबानं समोरची प्रत्येक वस्तू मधल्या राखाडी रंगाची, म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारी. आता जैसलमेरजवळ सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर उन्हात उभे राहा, वाळू इतका उजेड फेकते की मीटर घाबरून एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, कमी करायला सांगतो, आपण त्याचं ऐकलं की वाळू मळकट येते आणि ज्याच्यासाठी एवढ्या लांब गेलो तो काळा मारवाडी घोडा नुसता डांबराचा गोळा, त्याचा डोळासुद्धा दिसत नाही. म्हणून कॅमेरा आपल्याच तळहाताजवळ न्यायचा, हात घोड्यावर पडतं त्याच उन्हात धरायचा, मीटर सांगेल त्याच्यापेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, द्यायचा. घोडा काळाभोर असेल तर त्याच्यावर अजून एक द्या. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड बराच सहन करते, कमी पडलेला मात्र डार्करूममध्ये कोणी आणून देत नाही.

मीटर बंद असलेल्या कॅमेऱ्यांनाही घाबरू नका. निरभ्र ऊन असलं की अपर्चर, म्हणजे लेन्समधलं भोक, १६ वर आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका, म्हणजे डबीवरच्या आकड्याइतका, ४०० ची फिल्म असेल तर त्याच्या जवळचा १/५०० सेकंद. आपल्याकडे वैशाखात कपाशीच्या रिकाम्या वावरात उभं राहून हा हिशेब पक्का होतो, ऊन कसं असतं हे वऱ्हाडातल्या माणसाला कोणी शिकवायची गरज नाही.

आता घोडा. मारवाडी घोड्याचे कान पाहा, टोकं आत वळलेली, दोन्ही कान पुढं आले की टोकाला टोक भिडतं. तो क्षण धरायचा असतो. कान मागं दाबले की घोडा चिडलेला आहे, तेव्हा फोटो विसरा आणि बाजूला व्हा, मागून तर कधीच जाऊ नका. मालकाला विचारल्याशिवाय जवळ जायचं नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो आणि सांगत राहीन.

पळणाऱ्या घोड्याबद्दल माणसाचा डोळा किती फसतो पाहा. जुन्या चित्रांमध्ये घोडा पुढचे पाय पुढं अन् मागचे मागं ताणून उडताना दाखवत. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजनं ओळीनं कॅमेरे मांडले, घोड्याच्या वाटेत शटरला जोडलेल्या तारा ताणल्या, आणि दिसलं की चौखूर उधळताना चारही पाय हवेत असतात खरे, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. तोच क्षण पाहिजे असेल तर अंदाजानं थोडं आधी दाबा, कारण एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून लेन्समधलंच दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, फोटो निघते वेळी आरसा वर जातो आणि डोळा लावायची खिडकी काळी होते. क्षण खिडकीत दिसला म्हणजे तो हुकला. टापांचा ठेका कानानं मोजायची सवय लावा.

याचा सराव इथंच होतो भाऊ. तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैलजोडी धुराळा उडवत येते, तिथं १/६० वर कॅमेरा जोडीबरोबर फिरवून पाहा. वाळूसाठी उन्हाळ्यात पैनगंगेच्या कोरड्या पात्रात सकाळी उतरा, ऊन तिरपं असतं तेव्हाच वाळूवरच्या बारीक लाटांना सावली मिळते, आणि फोटो काढायच्या आधी तिथून चालत जाऊ नका, वारा येईपर्यंत पायाचे ठसे तसेच राहतात. खरे घोडे पाहायचे तर राजस्थानात पुष्करच्या जत्रेला जायचा विचार करण्याआधी खानदेशात सारंगखेड्याला जा, दत्तजयंतीला तापीकाठी मोठा घोडेबाजार भरतो.

मघाशी एका काकांनी विचारलं, मोबाईल असताना ३६ फोटोंचा रोल काऊन? काका, ३६ च आहेत म्हटल्यावर माणूस आधी घोडा पाहतो. तो पाणी पिऊन मान कशी झटकतो, कोणत्या पोराच्या हाकेला वळतो, हे सगळं पाहून झाल्यावर बोट हलते. मला हे फार मोलाचं वाटते.

रोल बदलताना वाऱ्याकडं पाठ करा, फिल्मच्या दाराशी अडकलेला वाळूचा एक कण अख्ख्या रोलवर लांबलचक ओरखडा काढतो. रोल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उष्णतेनं फिल्मवर धुरकटपणा चढते. काळी-पांढरी फिल्म घरी धुणार असाल तर डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, २० डिग्रीला पाहिजे आणि मे महिन्यात आपल्या नळाला गरम पाणी येते, तेव्हा घमेल्यात बर्फाचं पाणी घेऊन सगळ्या बाटल्या त्यात उभ्या करा, चित्र पक्कं करणारा फिक्सर अन् धुवायचं पाणीसुद्धा, नाहीतर एकदम थंड-गरम झालं की फिल्मवरचा थर बारीक तडकते.

आता ज्यांनी कॅमेरे आणले त्यांनी इकडं टेबलाशी या. मागचं दार उघडून शटर पाहू, जुन्या शटरचा १/५०० बरेचदा १/५०० राहिलेला नसतो.