सातेरी आणि स्ट्रॉबेरी

(दृश्य : तळहातावर दोन फळं)

ही दोन्ही फळं एकाच वाफ्यातली, आजच्याच तोड्यातली. एक सगळीकडून सारखं भरलेलं. दुसऱ्याचं टोक चेपलेलं. पाणी दोघांना तेच, खतही तेच. फरक पडला तो फूल उमललं तेव्हाच.

(दृश्य : पहाटेचं धुकं, लाल मातीचे वाफे)

महाबळेश्वर-पाचगणीचा हा परिसर. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी सातारा जिल्ह्याच्या याच भागातली. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पावसाळ्यात इथं रोप तग धरत नाही, म्हणून परदेशातून आणलेली मातृरोपं घाटाखाली, वाईच्या बाजूला वाढवतात. पाऊस ओसरला की त्यांची रोपं वर येतात. गादीवाफा, त्यावर अंथरायचा मल्चिंग पेपर, ठिबक. हे आता घरोघरी आहे.

(दृश्य : फूल, अगदी जवळून)

इथं थोडं थांबूया. पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळी घुमटी. या इवल्या घुमटीवर शेकडो स्त्रीकेसर असतात. आपण जिला स्ट्रॉबेरीची बी म्हणतो, ते खरं तर एकेक स्वतंत्र फळ. लाल गर म्हणजे फुलाचं फुगलेलं आसन. ज्या स्त्रीकेसरावर पराग पडला, तिथली बी भरते. भरलेली बी संजीवक, म्हणजे वाढ घडवणारं द्रव्य, सोडते आणि तेवढ्याच भागातला गर फुगतो. जिथं पराग पोचला नाही, तिथं खळगा राहतो.

वाऱ्यानं थोडे पराग पडतात. फुलाचे स्वतःचे पुंकेसरही बुडाकडचं काम करतात. घुमटीचं टोक मात्र राहून जातं.

(दृश्य : माशी फुलावर उतरते)

ही सातेरी. आपल्याच रानातली, ढोलीत राहणारी आणि पेटीतही नांदणारी मधमाशी. बघा, ती थेट घुमटीवर उतरली. आता गोल फिरतेय, पाय रोवत, पोट घासत. एवढ्यात टोकावर पराग पोचला.

वेण्णा तलावाकाठी थंडीत दव गोठतं. अशा हवेतही सातेरी परदेशी माशीपेक्षा लवकर कामाला निघते. जर्मनीत झालेल्या प्रयोगात माशी बसलेल्या फुलांची फळं जड, घट्ट आणि जास्त टिकणारी निघाली. मुंबईपर्यंत ट्रकमधून जाणाऱ्या फळाला याहून मोठी मदत कोणती?

(दृश्य : जांभळाचा मोहोर, मधपेट्या)

पण स्ट्रॉबेरीच्या फुलात मध थोडाच. माशीचं पोट भरतं ते जांभूळ, हिरडा यांच्या मोहोरावर. पावसाळ्यात मधपाळ तिला साखरेचा पाक देऊन जगवतात. म्हणजे वाफ्यावरची माशी ही रानाची देणगी आहे; कडेची झाडं तुटली की ती आधी जाते. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून मान मिळाला. त्या पेट्या स्ट्रॉबेरीच्या बांधापर्यंत याव्यात, एवढंच आमचं मागणं आहे.

(दृश्य : पाठीवर पंप, उतरतं ऊन)

फवारणी करावीच लागली तर अशी, माश्या पेटीत परतल्यावर. पानांतला रस शोषणाऱ्या लाल कोळी किडीवर त्यालाच खाणारा भक्षक कोळी सोडता येतो. त्याला सुरुवातीला खर्च येतो, धीरही लागतो. पण फूल उमललेलं असताना भर दुपारी पंप चालवणं म्हणजे आपलीच मजूर हाकलून देणं.

(दृश्य : प्रतवारी, दोन क्रेट)

भरलेलं फळ पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डब्यात. वाकडं कारखान्याच्या क्रेटमध्ये, कमी भावानं.

(दृश्य : अंधार, बॅटरीचा उजेड)

पेटी हलवायची ती रात्रीच, सगळ्या माश्या आत आल्यावर. दाराला जाळी लावली. दोघांनी धरून ती बांधावर, जांभळाखाली ठेवली, पूर्वेकडं तोंड करून. उजाडलं की जाळी काढायची.