हेरगिरीची सिरीज निर्मात्याला ऐकवताना : लॉगलाइनपासून करारापर्यंत

नमस्कार. हेरगिरीवरची वेब सिरीज किंवा मालिका घेऊन निर्मात्याकडे जायचं ठरवलं असेल, तर हा व्हिडिओ तुमच्यासाठी आहे.

नॅरेशन, म्हणजे निर्मात्यासमोर कथा ऐकवणं, सुरू झालं की थोड्या वेळात समोरून हमखास प्रश्न येतो, "पाचव्या एपिसोडमध्ये काय होतं?" पहिला एपिसोड सगळ्यांकडे असतो. स्फोट, खून, फुटलेलं गुपित. शेवटचाही असतो, कारण गद्दार कोण हे लेखकाने सगळ्यात आधी ठरवलेलं असतं. आठपैकी मधले सहा मात्र रिकामे असतात, आणि तिथेच गाडी अडते.

याचं कारण म्हणजे बहुतेक जण मोहीम लिहून नेतात. बॉम्ब शोधायचा, फाइल पळवायची, कोणाला तरी सोडवून आणायचं. मोहीम दोन तासांत संपते, तिचा सिनेमा होतो. आठ एपिसोड पुरतं ते नातं. एका माणसाला दुसऱ्याशी रोज खोटं बोलावं लागतंय आणि ते खोटं दिवसेंदिवस महाग पडत चाललंय, असं नातं. कोण कोणाशी खोटं बोलतंय आणि ते उघडं पडलं तर कोणाचं काय जाईल, हे आधी पक्कं करा. बाकीची सगळी तयारी त्याच्याभोवती करायची.

आधी लॉगलाइन, म्हणजे दोन-तीन वाक्यांत सगळी सिरीज. उदाहरण घेऊ. हे फक्त या व्हिडिओपुरतं रचलेलं आहे.

[स्क्रीनवर : पहिला खर्डा]
"देशाविरुद्धचा भयंकर कट उधळून लावण्यासाठी एक धाडसी रॉ एजंट जिवाची बाजी लावते."

यातून काही दिसतं का? कट कसला, ही बाई कोण, राहते कुठे? हे वाक्य कुठल्याही सिरीजला चिकटवता येईल. आता हे बघा.

[स्क्रीनवर : दुसरा खर्डा]
"बॅलार्ड इस्टेटमधल्या खलाशी-भरती कंपनीची मॅनेजर खरं तर गुप्तचर अधिकारी आहे. रत्नागिरीच्या ज्या पोराला तिने बोटीवरच्या नोकरीच्या आडून हेर केलं, तो परदेशी बंदरात पकडला जातो. आणि आता त्याची आई रोज येऊन तिच्या ऑफिसात बसते."

इथे जागा आहे, धंदा आहे, खोटं आहे, आणि जिच्याशी खोटं बोलायचं ती बाई दारातच बसलेली आहे. दोन दमदार स्त्री-भूमिका आहेत हे निर्मात्याला न सांगता कळतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे वाक्य त्याला दुसऱ्याला सांगता येतं. तुमच्यासमोर बसलेला क्रिएटिव्ह टीमचा माणूस सहसा शेवटचा निर्णय घेत नाही. तो ते वाक्य आपल्या वरिष्ठांना सांगणार, ते प्लॅटफॉर्मला सांगणार. तुम्ही दिलेलं वाक्य लांबलचक असेल तर वाटेत त्याची मोडतोड होते.

आता पाचवा एपिसोड. तो अभ्यासातून मिळतो. खलाशी भरती करणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, धंद्यात त्याला आरपीएसएल म्हणतात. प्रत्येक खलाशाकडे सीडीसी नावाचं पुस्तक असतं. कोणत्या जहाजावर कधी चढला आणि कधी उतरला, याच्या नोंदी त्यात होतात. आता सीन बघा. आई घरी सापडलेली सीडीसीची झेरॉक्स मॅनेजरच्या टेबलावर ठेवते. गेल्या वर्षी चार महिने पोरगा एका जहाजावर आहे असं कंपनीनेच तिला सांगितलं होतं, घरी पैसेही वेळेवर येत होते. झेरॉक्सवर त्या जहाजाची नोंदच नाही. आई एवढंच विचारते, "मॅडम, मग हे चार महिने माझा पोरगा होता कुठं?"

हा झाला पाचवा एपिसोड. पिस्तूल नाही, पाठलाग नाही, एका कागदाची झेरॉक्स आहे. नॅरेशनमध्ये असा एकच सीन पूर्ण ऐकवा, संवादासकट. बाकीचे दोन-दोन वाक्यांत उरका.

पुढचा भाग नीट ऐका, कारण जाणकार माणूस इथेच डेक, म्हणजे सिरीजची ओळख करून देणारी पानं, बाजूला ठेवतो. यंत्रणांची गल्लत.

रॉ २१ सप्टेंबर १९६८ रोजी स्थापन झाली. ती कॅबिनेट सचिवालयाखाली येते आणि तिचं काम देशाबाहेरचं. आयबी देशांतर्गत गुप्तवार्तेची, गृहमंत्रालयाखाली. अटक करण्याचा अधिकार दोघींनाही नाही. अटक पोलिस करतात, एटीएस म्हणजे दहशतवादविरोधी पथक करतं, किंवा २६/११च्या हल्ल्यानंतर स्थापन झालेली एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणा, करते. तरीही दर दुसऱ्या पिचमध्ये रॉचा अधिकारी मुंबईच्या चाळीत दार फोडून आत शिरतो. खरी अडचण यापेक्षा कितीतरी नाट्यमय आहे. आपल्या मॅनेजरकडे पक्की खबर आहे, पण माणूस उचलायचा तर एटीएसकडे जावं लागेल. आणि खबर कुठून आली हे तिथे सांगता येत नाही. एटीएसचा अधिकारी विचारणारच, "मॅडम, सोर्स?"

कव्हरचंही, म्हणजे हेराच्या वरवरच्या ओळखीचंही, तसंच. दूतावासात राजनैतिक पदावर बसलेला हेर पकडला गेला तर १९६१ च्या व्हिएन्ना करारामुळे त्याला अटक होत नाही, फार तर देश सोडायला सांगतात. खलाशाला असलं कवच नसतं. त्याच्यासाठी उरतं १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं कलम ३६, म्हणजे आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्याला भेटू देण्याची तरतूद. आता पेच असा : वकिलातीने साध्या खलाशासाठी फारच आरडाओरडा केला, तर पकडणाऱ्यांची खात्री पटते की हा साधा खलाशी नाही. गप्प बसावं तर पोरगा तिथेच सडणार. किती जोराने मागायचं, या एका प्रश्नावर दोन एपिसोड आरामात उभे राहतात.

"आमच्यासोबत रॉचे निवृत्त अधिकारी आहेत" असं डेकवर छापू नका. २०२१ मध्ये केंद्राने पेन्शनच्या नियमांत दुरुस्ती केली. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांमधून निवृत्त झालेल्यांना संस्थेच्या कार्यक्षेत्राशी संबंधित काही प्रसिद्ध करायचं तर आधी परवानगी लागते, नाहीतर पेन्शनवर गदा येऊ शकते. शिवाय १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट आहेच. सल्लागार घ्यायचा असेल तर त्यांच्या परवानगीचा प्रश्न आधी सोडवा. तोवर "सार्वजनिक माहितीवर आधारित काल्पनिक कथा" एवढंच लिहा, आणि ते खरं असू द्या.

प्लॅटफॉर्मची लीगल टीमही वाचणार आहे. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे देशाची सुरक्षा आणि मित्रदेशांशी असलेले संबंध यांना बाधा आणू शकेल अशा मजकुराबाबत प्लॅटफॉर्मला खबरदारी घ्यावी लागते. म्हणून शत्रू कोण हे विचारपूर्वक ठरवा. आपल्या उदाहरणात जहाजधंद्याची रचनाच मदतीला येते. मालक एका देशातला, जहाजावर झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा, खलाशी तिसऱ्या देशाचे. जबाबदार कोण, हे ठरवतानाच दमछाक होते. असं जहाज वापरणारा शस्त्रांचा खासगी दलाल हा कुठल्याही शेजारी देशाच्या जनरलपेक्षा ताजा खलनायक आहे, आणि लीगललाही तो सोपा जातो.

आता पैसे. बजेटचा आकडा तुम्ही सांगू नका, तो निर्मात्याचा प्रांत. पण त्याच्या डोक्यात कुठलं गणित चाललंय ते माहीत हवं.

[स्क्रीनवर : ८ एपिसोड × ४५ मिनिटं = ३६० पानं]

पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरचं एक मिनिट. दिवसाला चार ते पाच पानं शूट झाली तर ७२ ते ९० दिवस लागतात. पाठलाग किंवा हाणामारी असली की दिवसाला जेमतेम एक-दोन पानं होतात. म्हणजे तुम्ही सहज लिहिलेला आठ पानांचा पाठलाग जवळजवळ आठवडा खातो. म्हणून निम्म्याहून जास्त सीन दोन-तीन ठरलेल्या जागांवर बसतील असं लिहा. इथे त्या जागा तयार आहेत : भरती कंपनीचं ऑफिस, रत्नागिरीचं घर, जहाजाची केबिन आणि मेस. केबिन आणि मेस चित्रनगरीत सेट लावून होतात. बंदरात शूटिंगची परवानगी मिळवणं वेळखाऊ, त्यात सुरक्षेचे निर्बंध. म्हणून बंदर मोजक्या सीनमध्येच ठेवा. डेकमध्ये एक ओळ टाका, "परदेशी शूट : ६ दिवस, एकच बंदर." या ओळीवरून निर्मात्याला कळतं की लेखकाने खर्चाचा विचार केलाय.

कागदपत्रं झटपट सांगतो. एक पानाचा वनपेजर. १२ ते १५ पानांचा डेक : लॉगलाइन, जग, चार-पाच पात्रं, सीझनचा आराखडा, दर एपिसोडला चार ओळी, टोन. पहिल्यांदा एवढंच पाठवायचं. बायबल, म्हणजे सिरीजचा सविस्तर आराखडा, २५ ते ४० पानांचं, मागितल्यावर द्यायचं. पायलटची, म्हणजे पहिल्या एपिसोडची, पटकथा मात्र भेटीआधी लिहून तयार हवी, कारण आवडलं तर दुसऱ्या दिवशीच मागतात आणि महिनाभराने पाठवली तर उत्साह गेलेला असतो. डेकमध्ये ज्यांच्याशी बोलणंही झालेलं नाही अशा स्टार्सचे फोटो लावू नका.

प्रत्यक्ष नॅरेशन आठ ते दहा मिनिटांचं ठेवा. लॉगलाइन, मग दोन मुख्य माणसं, मग तो एक पूर्ण सीन, मग सीझन कुठे संपतो ते. आणि गुपित फोडून सांगा! "ट्विस्ट नंतर सांगतो" म्हणणारे लेखक बरेच असतात. निर्माता प्रेक्षक नाही. तो पैसे लावणार आहे, त्याला गद्दार कोण हे पहिल्या पाच मिनिटांत कळायला हवं. नाहीतर तुमच्याकडे शेवट नाहीच, असं तो धरून चालतो.

दुसऱ्या सीझनचं उत्तरही तयार ठेवा. "पुढे नवी मोहीम" हे उत्तर होत नाही. इथे उत्तर असं : सीझनच्या शेवटी आईला सगळं कळतं, आणि पोराला परत आणायचं म्हणून ती स्वतः मॅनेजरसाठी काम करायला तयार होते. नातं तेच, पण दुसऱ्या सीझनमध्ये दोघी मिळून बाकीच्या खलाशांच्या घरच्यांशी खोटं बोलतायत.

शेवटचा मुद्दा चोरीच्या भीतीचा. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीला असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलंय. म्हणून दोन ओळींची कल्पना घेऊन जाऊ नका. पात्रं, प्रसंग, एपिसोड असं तपशिलात लिहा. पिच करणाऱ्यांना याहून जवळचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे, २००३ चा, झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स. विश्वासाने सादर केलेली, पुरेशी विकसित केलेली संकल्पना ही गोपनीय माहिती म्हणून संरक्षण मिळवू शकते, असं त्यात मानलं गेलं. त्या संकल्पनेची लेखक संघटनेकडे नोंद झालेली होती.

तेव्हा भेटीआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये बायबल आणि पायलट रजिस्टर करा. त्याने मालकी ठरत नाही, पण तारखेचा पुरावा मिळतो. फाइल व्हॉट्सॲपवर न टाकता ईमेलने पाठवा. भेट झाली की त्याच दिवशी चार ओळींचं मेल करा : आज कोण कोण होतं, काय ऐकवलं, काय पाठवलं, आणि हे गोपनीय आहे.

एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, सही मोठी प्रॉडक्शन हाउसेस सहसा करत नाहीत. उलट तुमच्यापुढेच रिलीज फॉर्म ठेवतात. आमच्याकडे अशाच विषयावर आधीपासून काम सुरू असू शकतं आणि त्याबद्दल तुम्ही दावा करणार नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. तिथल्या तिथे सही करू नका. कॉपी मागून घ्या, वकिलाला दाखवा.

आणि ऑप्शनचा करार, म्हणजे ठरावीक काळापुरते हक्क राखून ठेवण्याचा करार, आला तर मुदत बघा. १२ महिने, वाढवायचे तर वेगळे पैसे देऊन आणखी सहा ते बारा, ही मागणी रास्त आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लिहून देताना मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश नमूद नसेल तर भारत. वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर ते संपतात, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. आणि तयार मसुद्यात बहुतेक वेळा वेगळं लिहिलेलं असतं : कायमस्वरूपी, जगभर, वापरलं नाही तरी. ती ओळ शोधा आणि तिच्या जागी हक्क परत येण्याची तारीख लिहून घ्या. 'क्रिएटेड बाय' हे श्रेय आणि पहिल्या सीझनचं लेखन तुमच्याकडेच राहणार, हेही त्याच पानावर येऊ द्या.