१८९३ चं ठाणं आणि फक्त मराठी पुस्तकांची लायब्ररी

नमस्कार मंडळी! ठाणे वेस्टला स्टेशनपासून चालत निघालात की सुभाष पथ लागतो, रिक्षांचे हॉर्न, खरेदीची गर्दी, आणि त्यातच मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, आपण रोज समोरून जातो पण मान वर करून बघत नाही.

तर ही लायब्ररी निघाली १ जून १८९३ ला. काढण्यात पुढे कोण, तर विनायक लक्ष्मण भावे. जन्म १८७१ चा, म्हणजे वय जेमतेम एकवीस! त्या वयात आपली मजल कॉलेजच्या फेस्टच्या कमिटीपर्यंत, असो.

आता तुम्ही म्हणाल, लायब्ऱ्या तर आधीपण होत्या. होत्याच की, रत्नागिरीला १८२८ पासून, पुण्याला १८४८ पासून. पण त्यांच्यामागे इंग्रज साहेबांचा पुढाकार, नाव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी', आणि वजन इंग्रजी पुस्तकांना. बरं, १८६७ च्या कायद्याने छापलेलं प्रत्येक पुस्तक सरकारकडे नोंदवायला लागायचं, प्रती द्यायला लागायच्या, म्हणजे मराठीत काय छापलं जातंय त्याची नोंद सरकारकडे आणि वाचणारा मात्र इकडेतिकडे शोधत फिरतोय. ठाण्यात ठरलं की फक्त मराठी पुस्तकं जमवायची, बास. त्या काळात हा हट्टच म्हणायचा, पण मला विचाराल तर भारी हट्ट. पुढे याच भाव्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिलं, मराठी साहित्याचा इतिहास, आणि मला नाही वाटत पुस्तकं जमवायचा नाद नसता तर ते झालं असतं. १८९८ ला मुंबईतही मराठी ग्रंथ संग्रहालय निघालं.

पण जमवणं एक आणि टिकवणं वेगळं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यात आम्ल असतं, त्यामुळे पान पिवळं पडतं, मग ठिसूळ होतं, आणि उलटलं की जुन्या पापडासारखं कोपऱ्यातून तुटतं. गंमत म्हणजे त्याच्याआधीचा चिंध्यांचा कागद जास्त टिकतो. त्यात ठाण्याला खाडी, पावसाळाभर दमट हवा, बुरशी, कसर, वाळवी, सगळेच मेंबर!

म्हणून संग्रहालयाने दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करायला घेतली. स्कॅन केलं की मूळ प्रत कपाटात राहते, सारखी हाताळायला लागत नाही. पण सगळंच ऑनलाइन टाकता येत नाही, कारण आपल्याकडे लेखक वारल्यावर साठ वर्षं कॉपीराइट असतो. म्हणजे १९०० च्या आसपासचं पुस्तक घरबसल्या मिळू शकतं, आणि तुमच्या आईने कॉलेजात वाचलेली, आता दुकानात न मिळणारी कादंबरी नाही मिळत. तिच्यासाठी सुभाष पथावर जावंच लागणार, फक्त सुट्टीचा वार कुठला ते आधी विचारून जा.